झिराडच्या जेरुशाबाई

या खेपेचा पाठ वंशावळीचा आहे. वंशावळ म्हटली की आपण बापाकडून आजोबाकडे आणि आजोबाकडून पणजोबाकडे चढत जातो. म्हणून या वेळी मुद्दाम एका बाईचे चरित्र घेतले आहे. तिचे नाव डॉ. जेरुशा जेकब झिराड. मुंबईत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना हे नाव ओळखीचे असेल, इथे शॉमबर्गमध्ये जन्मलेल्या मुलांनी ते बहुधा ऐकलेले नसेल. दोघांनी मिळून वाचावे.

आधी त्यांचे नावच नीट वाचू, कारण आपल्या लोकांच्या नावात बरेच काही साठवलेले असते.

जेरुशा म्हणजे हिब्रूत येरुशा. त्या शब्दाचा अर्थ वारसा, वाट्याला आलेली मालमत्ता. पवित्र शास्त्रात, राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, ही बाई एका ओळीपुरती भेटते: यहूदाचा राजा योथाम याची आई, सादोकाची मुलगी. तिच्याविषयी फारसे काही सांगितलेले नाही. पण त्या ग्रंथात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. यहूदाचा नवा राजा गादीवर बसला की लिहिणारा बहुतेक वेळा त्याच्या आईचे नाव लिहितो, आणि कधी कधी ती कोणाची मुलगी, कोणत्या गावची, हेही. आईचे नाव लिहून ठेवण्याची रीत आपल्या ग्रंथांना नवी नाही. ती पुढे आपल्या कागदांतून गेली.

जेकब हे वडिलांचे नाव. आणि झिराड हे गाव. रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या बाजूला झिराड आहे. ज्यांनी लाँचने मांडव्याला उतरून अलिबागचा रस्ता धरला असेल त्यांनी गावाची पाटी पाहिली असेल. तिथून नवगाव काही फार लांब नाही. नवगाव म्हणजे आपल्या परंपरेप्रमाणे जिथे गलबत फुटले आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली ते ठिकाण. बुडालेल्यांना जिथे पुरले म्हणतात ती दफनभूमी आजही तिथे आहे. वाचलेल्यांची लेकरे कोकणच्या गावोगाव पसरली, घाणा चालवू लागली, शनिवारी बैल सोडून बसू लागली, आणि लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हे मुलांना पाठ आहे. पुढचे सहसा सांगितले जात नाही.

जुन्या काळी आपल्या माणसाचे नाव म्हणजे स्वतःचे आणि बापाचे, एवढेच. १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे त्याचे चांगले उदाहरण. (आपले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुलांना गंमत वाटते, पण शब्द खरा आहे.) पलटणीत, कचेरीत, शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा गावाचे नाव पुढे आले. दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. काहींनी पुढे ‘कर’ गाळला आणि नुसते गाव ठेवले. झिराड त्यांतलेच.

तेव्हा आडनाव हा पत्ता आहे, नाते नव्हे. एका गावातून निघालेल्या दोन वेगवेगळ्या घरांनी तेच आडनाव घेतलेले असू शकते. झिराड आडनावाचा प्रत्येक माणूस जेरुशाबाईंच्या घरातला, असे समजू नये. आणि बाईच्या बाबतीत तर पत्ताही टिकत नाही. झिराडची मुलगी पेणकरांकडे दिली की ती पेणकर होते. मधला बाप जातो, तिथे नवरा येतो. तिची मुलगी रोहेकरांकडे गेली की पुन्हा तेच. तीन पिढ्यांत बाई तीन गावे फिरते आणि कागदावर तिच्या माहेरची खूणही राहत नाही.

आपण राहतो ते शॉमबर्गसुद्धा असेच दुसऱ्या गावावरून नाव घेतलेले आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या शॉमबर्ग भागातून शेतकरी कुटुंबे इथे आली आणि त्यांनी आपल्या मुलखाचे नाव या माळाला दिले. त्यांचे सेंट पीटर ल्यूथरन चर्च १८४७ सालचे. आज दिसते ते शहरवजा गाव नगरपालिका म्हणून १९५६ नंतरचे. जर्मन लोकांत विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘जन्माने अमुक’ असे माहेरचे आडनाव लिहिण्याची चाल आहे. त्या एका शब्दामुळे इथल्या शेतकरी पणज्यांचा माग त्यांच्या पणतवंडांना काढता येतो. आपल्याकडे तसा शब्द कागदावर नव्हता. तो वयस्कर बायकांच्या तोंडी होता. मलिद्याच्या ताटाभोवती बसून कोण कोणाची लेक, कोणाची मावसबहीण, हे त्या सांगत.

जेरुशाबाईंचा माग सापडतो याचे एक कारण साधे आहे. त्यांनी लग्न केले नाही, त्यामुळे जन्माचे नाव शेवटपर्यंत तेच राहिले. दुसरे कारण म्हणजे त्यांनी केलेले काम. ते आता सांगतो.

त्यांचा जन्म १८९० च्या सुमारास शिमोग्याचा, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातला. झिराडची मुलगी शिमोग्यात कशी, असे कोणी विचारील. त्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात आपली माणसे पलटणीबरोबर, रेल्वेबरोबर, सरकारी नोकरीबरोबर सगळीकडे गेली: पुणे, अहमदाबाद, कराची, थेट एडनपर्यंत. म्हणून घराण्याचा शोध कोकणात सुरू झाला तरी तिथेच संपत नाही. जन्माचे गाव, मुळाचे गाव आणि वाढलेले गाव ही तीन वेगळी असू शकतात. जेरुशाबाईंची तशीच होती.

त्या वाढल्या पुण्यात. शाळा हुजूरपागा. ही मुलींची शाळा १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी काढली, तेव्हा मुलींना हायस्कुलापर्यंत शिकवावे की नाही यावर पुण्यात रणे माजली होती. जेरुशाबाई तिथे शिकत होत्या तेव्हा शाळा जेमतेम वीस वर्षांची असेल. शनिवार पाळणाऱ्या घरातली मुलगी आणि बाकीच्या बहुतेक हिंदू घरांतल्या मुली एकाच बाकावर मराठी शिकल्या, याचे त्या काळी आपल्या समाजाला फार अप्रूप नसावे. मराठी आपलीच होती.

त्यांच्या लहानपणीची एक घटना त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. त्यांची बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली. तिथल्या मुख्य डॉक्टर बाई होत्या, ॲनेट बेन्सन. ते पाहून या मुलीने ठरवले की आपणही डॉक्टर व्हायचे.

इथे जरा थांबून कामा हॉस्पिटलाविषयी सांगायला हवे. त्या काळी अनेक घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करत. सुईण जे करील ते. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी देणगी दिली आणि १८८६ साली हे रुग्णालय उघडले, ते बायकांसाठी आणि बायकांनीच चालवायचे, या अटीवर. पहिल्या डॉक्टर एडिथ पीची. एडिनबर्गच्या विद्यापीठात सात बायकांनी वैद्यकाला नाव घातले, विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर चिखल फेकला, आणि शेवटी विद्यापीठाने पदवी नाकारली, त्या सातांपैकी ही एक. तिची त्या लढ्यातली जोडीदारीण सोफिया जेक्स-ब्लेक हिने मग १८७४ साली लंडनमध्ये बायकांसाठी वेगळे वैद्यकीय विद्यालय काढले. त्याच विद्यालयात आपल्या रखमाबाई शिकल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्य घालवले. आनंदीबाई जोशी इकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या, पण वर्षाच्या आत गेल्या. पीचीनंतर कामात बेन्सन आल्या.

जेरुशाबाईंची ही दुसरी वंशावळ म्हणावी लागेल. रक्ताची नाही, पण तिच्याशिवाय त्यांचे आयुष्य समजत नाही. बापाकडून चढत गेले की झिराडची वाडी मिळते. बायकांकडून चढत गेले की एडिनबर्गची ती चिखलाने माखलेली पायरी मिळते. आपल्या पणज्यांच्या शोधात ही दुसरी बाजूही विचारावी: तिला अक्षर कोणी शिकवले? तिच्या हाताला काम कोणी दिले?

पुढे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज. तिथून त्या १९१२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पण नुसत्या पदवीवर त्यांचे समाधान नव्हते. स्त्रीरोग आणि बाळंतपण या विषयांत वरचे शिक्षण घ्यायचे तर विलायत गाठायला हवी होती. भारत सरकारची विलायतेच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९१४ साली त्या निघाल्या, म्हणजे पहिले महायुद्ध पेटले तेच वर्ष. लंडनला पोचल्या त्या जेक्स-ब्लेकने काढलेल्या त्याच विद्यालयात. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेलेले, त्यामुळे इस्पितळांतल्या ज्या जागा एरवी बायकांना मिळाल्या नसत्या त्या त्या वर्षांत मोकळ्या झाल्या. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. घेतली. तिशीही गाठली नव्हती.

लंडनमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट भेटली, तिच्याकडे पुढे येतो.

परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजच्या रुग्णालयात काम केले, मग बंगळूरच्या प्रसूतिगृहात, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्या मुंबईला कामा हॉस्पिटलात आल्या. आधी मानद डॉक्टर म्हणून. दशक संपता संपता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९४७ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. बहिणीला जिथे जीवदान मिळाले त्याच इमारतीत, बेन्सनबाईंच्या खुर्चीवर. बेन्सनबाई ज्या संस्थेच्या सुरुवातीच्या अध्यक्षा होत्या, त्या भारतातल्या स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपदही पुढे जेरुशाबाईंनी भूषवले.

त्यांच्या कामातले मला सर्वांत मोठे वाटते ते एक अहवालाचे काम. ऑपरेशन थिएटरातल्या यशाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात, अहवालाच्या गोष्टी कोणी सांगत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात याची पद्धतशीर चौकशी केली. १९४१ साली तो अहवाल सरकारने छापला. त्या काळी बाळंतपणात बाई गेली की घरचे म्हणत, तिचे नशीब. सुतिकेचा ताप, अतिरक्तस्राव, झटके, आणि त्याच्या मुळाशी अंगात रक्तच नसणे, म्हणजे पांडुरोग: यांतली बरीच कारणे टाळता येण्यासारखी होती. पण टाळायची तर आधी मोजायला हवीत, आणि मोजायचे तर मेलेल्या प्रत्येक बाईची नोंद हवी. ती कोण, कितवे बाळंतपण, घरी की इस्पितळात, कोणी सोडवली.

आता आपल्या घराण्यांच्या वह्या आठवा. पणजोबांनी दोन लग्ने केली, असे आपण सहज सांगतो. पहिली बायको कशाने गेली? पुष्कळदा पहिल्या नाहीतर दुसऱ्या बाळंतपणात. तिचे नाव वहीत नसते, कारण तिच्यामागे वंश चालला नाही. जेरुशाबाईंनी ज्यांची गणती केली त्या ह्याच बायका.

आता लंडनची ती गोष्ट. तिथे लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटिफिओर यांनी १९०२ साली ज्युइश रिलिजस युनियन काढली होती. प्रार्थनेचा अर्थ कळला पाहिजे, काही भाग बोलीभाषेत असावा, बाईने नुसते वरच्या सज्जात बसून पाहू नये, असा त्यांचा विचार. जेरुशाबाईंवर त्याचा परिणाम झाला. १९२५ साली त्यांनी आणि त्यांची बहीण लेआ हिने मुंबईत त्याच नावाची संस्था सुरू केली. पुढे तिची रोदेफ शालोम ही मंडळी झाली. तिथे स्त्रीपुरुष एकत्र बसत.

समाजात सगळ्यांना हे रुचले, असे मुळीच नाही. जुन्या मशिदींची चाल ज्यांना प्रिय होती त्यांना ही विलायती खूळ वाटली. आजही आपल्यात दोन्ही मतांची घरे आहेत, आणि या वर्गातही आहेत, म्हणून इथे कोण बरोबर ते मी ठरवत नाही. एवढे मात्र म्हणतो की ज्या बाईने शब्बाथाची प्रार्थना सोडली नाही, उलट ती समजून म्हणता यावी म्हणून खटपट केली, तिला धर्म सुटलेली म्हणणे अन्यायाचे आहे. आणि लेआचे नाव जेरुशाबाईंच्या प्रत्येक चरित्रात अर्ध्या ओळीत येते. माझ्याही आले. प्रसिद्ध बहिणीच्या शेजारी उभी असलेली बहीण अशीच राहून जाते.

१९४५ साली त्यांना ब्रिटिश सरकारचा एम.बी.ई. किताब मिळाला आणि १९६६ साली भारत सरकारची पद्मश्री. या दोन सन्मानांच्या मध्ये आपल्या समाजाचे सगळेच बदलले. १९४८ नंतर घरेच्या घरे इस्राएलला निघाली. कोकणातली गावे ओस पडली, मशिदींत मिन्यान जमेना.

आणि तिकडे गेलेल्यांच्या वाट्याला जे आले ते तरुणांनी ऐकलेच पाहिजे. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी लग्ने नोंदवणाऱ्यांसाठी हुकूम काढला: बेने इस्राएल माणसाचे इतर ज्यू माणसाशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आईच्या आईची, जमेल तितकी मागची चौकशी करावी. ज्यांनी दोन हजार वर्षे शेमा म्हणणे आणि सुंता करणे सोडले नाही, त्यांना खिडकीपाशी उभे करून विचारले गेले, तुझ्या आजीची आई कोण? आपल्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, जेरुसलेमच्या रस्त्यावर मुक्काम ठोकला. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच आहेत, आणि त्या हुकुमातून आपले नाव काढले गेले.

पणजीचे नाव माहीत नसणे ही नुसती हळहळण्याची गोष्ट नव्हती, हे त्या दोन वर्षांनी दाखवले. अपमान करणाऱ्याने प्रश्न विचारला तो चुकीच्या हेतूने. पण उत्तर अनेक घरांत नव्हते, हेही खरे. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी, तेल अवीवला. त्या मोलाच्या पुस्तकातही कर्तबगार पुरुषांच्या मानाने बायका फार थोड्या.

जेरुशाबाई भारतातच राहिल्या. १९८४ साली त्यांचे निधन झाले. वय नव्वदीच्या पुढे गेले होते. कामा हॉस्पिटल मुंबईत आजही चालू आहे, बायकांसाठीच.

पुढच्या रविवारी मुलांनी घरून हे करून आणायचे आहे. आजीला किंवा आजोबांना फोन करा; इस्राएलला करायचा तर तिथली वेळ पाहून करा. कागदावर चार रकाने आखा: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव, आणि चौथा रकाना आईचे माहेर. आईपासून सुरू करा आणि फक्त बायकांच्या बाजूने वर चढा: आई, आईची आई, तिची आई. केथुबा घरात असेल तर तिचा फोटो काढा. तिच्यात नवरीचे आणि तिच्या वडिलांचे नाव मिळेल, आईचे बहुधा मिळणार नाही, ते विचारूनच लिहावे लागेल. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना कबरीच्या दगडाचा फोटो मागा. त्यावर मराठी आणि हिब्रू दोन्ही असेल तर दोन्ही उतरवून घ्या, कारण कधी कधी दोन्हींत वेगळे नाव असते. शाळा सोडल्याचा दाखला, नर्सिंगचे किंवा मास्तरकीचे प्रमाणपत्र, काही असेल ते चालेल. आपल्यातल्या पुष्कळ पणज्या नर्स आणि शिक्षिका होत्या, आणि शाळेच्या वहीत मुलीचे नाव तिच्या माहेरच्या आडनावाने असते.

वडीलधाऱ्यांना विनंती: मुलांनी विचारले की ‘अमुक घरची’ एवढ्यावर सोडू नका. तिला घरात काय हाक मारत ते सांगा, आणि ती कशाने गेली तेही. ज्या रकान्यात नाव मिळणार नाही तो खोडू नका, मोकळा ठेवा. दुसऱ्या कोणाच्या मावशीला ते ठाऊक असेल.